रीडिंग

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझा फोन म्हणाला,
तापमान जास्त आहे, फोन थंड होऊ द्या,
आणि बंद पडला.
मी त्याला ओल्या रुमालात गुंडाळलं,
ताराबाई पार्कातल्या एका झाडाखाली
मांडीवर घेऊन बसलो अर्धा तास.
त्याच्यामुळं मलाही सावली मिळाली.

मी मीटरचे फोटो काढतो.
कंत्राटावर. फोटोमागं पैसे.
चक्कर आल्याचे पैसे नाहीत,
म्हणून ती शक्यतो घरी जाऊन येऊ देतो.

इथल्या बंगल्यांत मीटर मागच्या भिंतीला असतं
आणि मीटरशेजारीच एसीचं बाहेरचं तोंड.
आतल्या खोलीतनं हाकललेला उन्हाळा
सरळ माझ्या मानेवर येतो.
तेराशे बारा युनिट. फोटो काढला.
वॉचमन मोरबाळे त्याच झोतासमोर खुर्ची टाकून.
म्हटलं, काका, सरकून बसा की जरा.
म्हणाला, सरकलो तर फाटक दिसत नाही.

वार बदलला की रूट बदलतो.
कपिलतीर्थ मार्केटात गोदाक्का
दर दहा मिनिटांनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडते,
गोणपाट पिळून पुन्हा पसरते,
पेंडीला जरा मान टाकू देत नाही.
म्हटलं, आक्का, तू पण पी की घोटभर.
"पिलं की जावं लागतंय.
तिथं पाच रुपये घेत्यात.
तीनदा गेलं की एक पेंडी गेली."
मागल्या महिन्यात लघवीतनं रगात गेलं,
हे तिनं कोथिंबिरीकडं बघतच सांगितलं,
दर सांगावा तसं.

कोल्हापूर असं नव्हतं, असं सगळेच म्हणतात.
पलंगावरचेही म्हणतात, पायरीवरचेही.
संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर
सगळे शेजारी शेजारी बसून वारा खातात,
तेव्हा मलाही क्षणभर वाटतं,
ऊन सगळ्यांना सारखंच असेल.
मग सगळे आपापल्या छताखाली जातात.

राजेंद्रनगरात छत म्हणजे पत्रा.
दुपारी दोनला त्याला हात लावून बघा.
नको, लावू नका.
दस्तगीर नदाफ तिथं दिवसा झोपायचा,
म्हणजे आडवा व्हायचा.
रात्रपाळीला शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकाम,
चौदाशे डिग्रीच्या लोखंडासमोर,
आणि सकाळी घरी यायचा ते या पत्र्याखाली.
अंगाला निवायला मधे कुठं जागाच नव्हती.
पंखा दोनवर. पाचवर ठेवला की बिल चढतं.
एक्केचाळीस युनिट, दर महिन्याला,
माझ्या यादीतलं सगळ्यात शहाणं मीटर.
मी गेलो की उठून बसायचा,
गूळ पुढं करायचा, माठातलं पाणी,
आणि म्हणायचा, "तुमचं पण फिरतीचं काम, भावा."

मे महिन्यात गेलो तर तो नव्हता.
शमीमभाभींनी प्लास्टिकच्या पिशवीतनं एक कागद काढला.
वाचून सांगा म्हणाल्या, तुमचं वाचायचंच काम.
मी वाचलं. नाव बरोबर होतं.
वय छत्तीस. कारण, हृदयक्रिया बंद पडल्यानं.
"आणि ऊन कुठं लिहिलंय?"
मी कागद उलटा करून पाहिला.
मागं काहीच नव्हतं.

माझ्या फोनमध्ये शेऱ्यांची यादी आहे,
त्यातनं एक निवडावा लागतो.
घर बंद. मीटर जळालेलं. काच धुरकट.
आवारात कुत्रं.
मी यादी खालपर्यंत सरकवली, परत वर आणली.

चव्वेचाळीस.
तीन युनिट जादा कसे, असं मी विचारलं नव्हतं,
त्यांनीच सांगितलं, अपराध्यासारखं,
"शेवटचे तीन दिवस पाचवर ठेवला होता.
अंग भट्टीगत लागत होतं त्यांचं.
लई येईल का हो बिल?"

फोटो हलला.
पुन्हा काढला.